चिखलात चालण्यास हरकत नाही

खंडेराव,

तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वतीने ‘मी’ लिहीत आलो. ‘मी, खाली सही करणार’ असे वर लिहायचे आणि खाली सही किंवा अंगठा दुसऱ्याचा घ्यायचा, हाच माझा व्यवसाय. आज प्रथमच वरचा मी आणि खालचा मी एकच आहे, आणि ज्याला उद्देशून हा कागद आहे तो तू, तो घेण्यास जागेवर नाहीस. कचेरीतला माणूस जागेवर नसला की मी पक्षकारांना सांगतो, बसा, येतील. तुझ्या बाबतीत तेवढे सांगण्याचीही सोय राहिलेली नाही.

दिवसभर मी कन्नडात अर्ज लिहितो. मराठी आपल्या घरापुरती आणि नात्यापुरती. मराठीत मी आजवर लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे आणि समाजाच्या सभागृहातले दुखवट्याचे ठराव एवढेच लिहिले. तुझाही ठराव मीच लिहावा असे सर्वांनी गृहीत धरले होते. मी लिहिला. ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, कलाप्रेमी’ हे तिन्ही शब्द त्यात आले. सेक्रेटरींनी वाचून ‘छान झाला’ म्हटले, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आले की त्यात तू कुठेच नाहीस. शाळा मी आठवीत सोडली हे जगजाहीर आहे. पण भाषेच्या कारणास्तव माझा एकही अर्ज आजवर परत आलेला नाही, हेही तितकेच जगजाहीर आहे. असे असताना तुझ्याविषयीचा एक कागद मला धड लिहिता येऊ नये, याने मी फार थकलो. म्हणून हा दुसरा लिहीत आहे.

त्या ठरावात एक गोष्ट नव्हती. नदीवरची तुझी शेवटची फेरी मी अडवली, आणि अडवताना जे कारण सांगितले ते खरे नव्हते. ते तुला सांगायचे राहून गेले. तेराव्याच्या पंगतीनंतर रुक्माक्का सर्वांसमोर हात जोडून मला म्हणाली, “अण्णा, तुम्ही त्यांना थांबवलंत म्हणून दोन महिने तरी जास्त मिळाले मला.” तुझी बायको माझे उपकार मानत होती आणि मी मान खाली घालून ताक पीत होतो. तुझ्या पश्चात मी केलेले हे पहिले काम.

तू मला प्रथम तो फोटो दाखवायला आलास तो दिवस आठवतो. कचेरीच्या आवारातल्या माझ्या टेबलासमोर चार माणसे रांगेत होती, आणि तू पीण्याच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून, हाताला तेलाचा वास असताना, रांग मोडून थेट पुढे आलास. कारखान्यातल्या कोणाच्या तरी लग्नासाठी कुमट्याला गेला होतास. सकाळी लवकर जाग आली म्हणून फिरत अघनाशिनी नदीच्या मुखाशी पोहोचलास, तेव्हा ओहोटी लागलेली होती, आणि तिथे उभे राहून मोबाइलवर तो फोटो काढलास.

“काय आहे यात?” मी विचारले.

“चिखल.”

“ते दिसतंय. चिखलात काय आहे?”

“नीट बघ की. पाणी गेलंय, पण जाताना वाट ठेवून गेलंय. त्या वाटेत उजेड शिरतोय बघ.”

मी चष्मा पुसून पाहिले. मला चिखलच दिसला. रांगेतल्या एका बाईने मान लांब करून पाहिले आणि कन्नडात विचारले, “पिकाचं नुकसान झालंय का? भरपाईचा अर्ज आहे?” त्यावर तू इतका हसलास की टेबलावरची शाईची बाटली मला धरावी लागली.

पुढच्या महिन्यात चिकपेटच्या बाजारात कोणाकडून तरी तू जुना कॅमेरा घेतलास, आणि त्यानंतर आपली नऊ वर्षे त्या चिखलात गेली. मार्गशीर्ष, पौष आणि माघ या तीन महिन्यांत, अमावास्या उलटल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, पहाटेची ओहोटी आणि सूर्योदय यांची गाठ पडते, हे तू त्या किनाऱ्यावर चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या बायकांकडून शिकलास. या गोष्टी पंचांगात अशा लिहिलेल्या नसतात. मी लेखी आधार मागितला तेव्हा तू मला त्यांच्यातल्या देवीअक्कासमोर उभे केलेस. कमरेएवढ्या चिखलात उभी राहून ती बाई पायाने शिंपले चाचपत होती. “यांना लेखी पाहिजे,” तू तिला सांगितलेस. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, “चप्पल काढा आधी.”

तुझी काम करण्याची पद्धत मी इतरांना सांगतो तेव्हा लोकांना ती खोटी वाटते. ट्रायपॉड चिखलात खचतो म्हणून तू कारखान्यातल्या लेथवर अ‍ॅल्युमिनियमच्या तीन चकत्या, चहाच्या बशीएवढ्या, कडा दुमडलेल्या, तयार केल्यास आणि पायांना बसवल्यास. दवाने काच धुरकट होते म्हणून मुलीचा लहानपणीचा लोकरी मोजा लेन्सवर चढवून ठेवायचास आणि शेवटच्या क्षणी काढायचास. अंधार असतानाच जागा धरायचीस. मग पूर्वेला घाटाची रेघ करडी होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, आणि मलाही बोलू द्यायचे नाही. माझ्यासारख्या माणसाला, ज्याचे शब्दांवर पोट आहे, एक तास गप्प बसवणे हे दुसऱ्या कोणाला जमले नाही. सूर्य डोंगराआडून वर आला की तुझे काम जवळजवळ संपलेले असे. उजेड पाण्याच्या वाटांमधून समुद्राकडे धावत जाई, तो सगळा मिळून सात-आठ मिनिटे टिके, आणि तेवढ्यात तू फार तर चार वेळा बटण दाबायचास. एवढ्या प्रवासासाठी चार! मी म्हणायचो, चाळीस काढ, एक तरी बरा निघेल. तू म्हणायचास, “तू अर्ज चाळीस वेळा लिहितोस का रे?”

माझे काम तीन प्रकारचे होते. वेळ सांगणे, टॉर्च धरणे, आणि पुढे जाऊन उभे राहणे. हे तिसरे काम तू फार गंभीर चेहऱ्याने माझ्यावर सोपवले होतेस. “यशवंता, तिथं जाऊन उभा राहा. तू नाही खचलास तर मी आणि कॅमेरा दोघं मिळून खचणार नाही.” मी देहाने भारदस्त आहे हे मला मान्य आहे. परंतु समाजात ज्याला चार लोक विचारून पावले टाकतात, अशा माणसाचा उपयोग चिखलाची खोली मोजण्यासाठी करावा, हे फक्त तुलाच सुचू शकले. आणि मी नऊ वर्षे जाऊन उभा राहिलो, हेही फक्त तुझ्यासाठीच.

सभागृहात तुझ्या फोटोंचे प्रदर्शन मांडले त्या वेळचा आपला वाद अजून मिटलेला नाही. बारा फोटो होते. त्यांखालचे मजकूर मी जागून तयार केले होते. ‘सूर्योदयसमयी सरितासागरसंगमाचे विहंगम दृश्य’ हे त्यांतले पहिले. तू ते वाचलेस, पाठीमागे हात बांधून पुढच्याकडे गेलास, तेही वाचलेस, आणि बाराही वाचून झाल्यावर म्हणालास, “विहंगम म्हणजे पाखराला वरनं दिसतं तसं ना? मी पोटावर पडलो होतो, यशवंता. नाकात चिखल गेला होता माझ्या.” आणि तू सगळ्या चिठ्ठ्या काढून तिथे फक्त वेळ लिहिलीस. सहा अठ्ठेचाळीस. सहा एकावन्न. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. त्यात एका वयोवृद्ध काकांनी सातव्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहून, “हा उलटा लावलाय का?” असे विचारले, तेव्हा मी तुझ्याकडे पाहिले आणि माझ्या डोळ्यांत जे होते ते तू वाचलेस. “बघ, मजकूर असता तर उलटसुलट तरी कळलं असतं,” हे मी तोंडाने म्हणालो नाही. आज म्हणतो. माझे मत अद्याप कायम आहे: पाहणाऱ्याला दोन शब्दांचा आधार द्यावा. तुझे मतही कायम असणार. आता यावर निर्णय देणारे कोणी नाही.

आता गुडघ्याविषयी लिहितो, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

तू गेलास त्याच्या आदल्या थंडीत, पौषात, तू दाखवलेल्या जागी मी जाऊन उभा राहिलो आणि खचलो. आधी घोटा, मग गुडघा, मग मांडी. उजवा पाय ओढायला गेलो तेव्हा आत काहीतरी कटकन वाजले. मी ओरडलो नाही. निदान मला तसे आठवते. तू कॅमेरा तिथेच सोडून आलास, पूर्वेला उजेड फुटत असताना, आणि तुला एकट्याला मी ओढवेना. देवीअक्काने चिखलावरून टोपली ओढायची आपली फळी सरकवत आणली, तिच्या मागून आणखी तिघी आल्या, आणि त्या चौघींनी मला काखेत हात घालून, फळीवर पालथे टाकून, बांधापर्यंत ओढत नेले. नेताना त्या हसत होत्या. तूही हसत होतास. मीही हसलो, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हते. बांधावर पोहोचल्यावर देवीअक्का मला म्हणाली, “रायटर साहेब, पोत्यात भरून वजन केलं असतं तर चांगला भाव आला असता.” त्या सकाळचा उजेड तुझ्या हातून गेला, आणि तू त्याविषयी कधी एक अक्षर काढले नाहीस.

त्यानंतर मला त्या चिखलाची भीती बसली. गुडघा दुखतो हे मी घरी सांगितले, डॉक्टरला सांगितले, शेजारच्या टायपिस्टला सांगितले. तुला सांगितले नाही. तुला सांगितले असते तर तू म्हणाला असतास, “सरी, ठीक आहे, तू बांधावर बस.” आणि बांधावर बसणारा माणूस म्हणून तुझ्याबरोबर येणे मला मान्य नव्हते. याचे याहून चांगले कारण माझ्याजवळ नाही. मी शोधून पाहिले.

गेल्या मार्गशीर्षात तू माझ्या टेबलाशी आलास. तोवर तुझी तब्येत उतरली होती. जिना चढताना दोनदा थांबायचास. तरी अमावास्येचा विषय तूच काढलास, आणि मला एकदम सुटल्यासारखे वाटले, कारण नकाराचे कारण तू आपल्या पावलांनी घेऊन आला होतास.

“डॉक्टरांनी परवानगी दिलीय?” मी विचारले.

“नको म्हणाले नाहीत.”

“तसं चालत नाही, खंडू. लेखी घे. उद्या काही झालं तर रुक्माक्काला तोंड कोण दाखवणार?”

तू टेबलावरचा माझा स्टँप पॅड उघडून बंद केलास. “लेखी,” म्हणालास. “बरं.”

मला वाटले, विषय संपला. हृदयाचा रुग्ण असलेल्या माणसाला रात्रभर बसने जाऊन चिखलात चालण्याची लेखी परवानगी कोणता डॉक्टर देईल? परंतु तू पौष अमावास्येच्या आधी खरोखर कागद घेऊन आलास. छापील चिठ्ठीवर दोन ओळी: प्रवास करण्यास हरकत नाही. खाली सही.

तो कागद मी हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि मग मी ते केले जे समोरच्या खिडकीतला कारकून माझ्या गोरगरीब पक्षकारांशी रोज करतो, ज्यासाठी मी त्याला तीस वर्षे मनात शिव्या देत आलो. मी त्रुटी काढल्या.

“यावर तारीख नाही,” मी म्हणालो. “शिक्का नाही. आणि प्रवासाला हरकत नाही म्हटलंय. चिखलात चालण्याचा उल्लेख कुठंय?”

तू माझ्याकडे पाहिलेस. मला वाटले रागावशील. मी त्याचीच वाट पाहत होतो, कारण तू रागावला असतास तर मीही रागावलो असतो, आणि भांडणात खरे बोलून गेलो असतो. पण तू कागदाची घडी घातलीस, खिशात ठेवलीस आणि हसून म्हणालास, “सरी साहेब. त्रुटी दूर करून आणतो.” आणि रांगेतल्या माणसाला जागा देऊन बाजूला झालास. फाटकापर्यंत जाताना एकदा थांबलास, कठड्याला हात लावून. मी पाहिले. मी पुढचा अर्ज घेतला.

माघाची अमावास्या यायला सहा दिवस असताना तू गेलास.

तुझ्या पहिल्या मासिक श्राद्धानंतर रुक्माक्का माझ्या घरी आली. चहाला नको म्हणाली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, “अण्णा, मला ती नदी दाखवा.”

मी म्हणालो, उन्हाळा येतोय, आता तिथे पाहण्यासारखे काही नसते, मोसम उलटला.

“मोसमात कधी नेलं का कोणी मला?” ती म्हणाली. “आधी सासूबाईंचं आजारपण, मग पोरीची शाळा. नऊ वर्षं दर थंडीत बॅग भरून दिली. आमच्या गल्लीतल्या बायका विचारायच्या, रुक्माक्का, तिकडं कोणी ठेवलीबिवली नाही ना? बाई असती तर भांडले असते. चिखलाशी काय भांडायचं?”

मी पुढच्या महिन्याचे म्हणणार होतो. ते शब्द तोंडात आले होते. तिच्या मांडीवर हात जोडलेले होते, तेराव्याला माझ्यापुढे जोडले होते तसेच, आणि मला ते पाहवेना. फाल्गुन अमावास्येनंतरच्या दुसऱ्या दिवशीची तिकिटे मी त्याच दुपारी काढली.

आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी पूर्ण लागलेली होती. मी तिला बांधावर बसवले आणि तुझ्या जागा दाखवू लागलो: इथे ट्रायपॉड, इथे आडवा पडायचा, तिथे मी उभा राहायचो. ती ऐकत होती. आकाश ढगाळ होते. तुझ्या भाषेत सांगायचे तर सकाळ वाया गेलेली होती. पूर्व फटफटली तरी पाण्याच्या वाटा करड्याच राहिल्या. देवीअक्का आणि तिच्या सोबतिणी टोपल्या घेऊन लांब कामाला लागल्या होत्या. तिने मला ओळखले, तुझी चौकशी हाताने केली, मी हातानेच सांगितले. ती थांबली, टोपली कमरेवरून खाली ठेवली. मग पुन्हा वाकली.

रुक्माक्का आपली साडी खोचून बांध उतरू लागली. मी नको म्हणालो. ती उतरली. तिसऱ्या पावलाला चप्पल चिखलात राहिली, ती काढायला वाकली तर दुसरी राहिली. ती तिथेच, घोटाभर चिखलात, दोन्ही हातांत दोन चपला घेऊन उभी राहिली आणि समोर पाहत म्हणाली, “यासाठी?”

मी बांधाच्या कडेपर्यंत पुढे आलो.

“यासाठी जात होते? खरं सांगा. मोठ्या हौसेनं फोटो लावलेत घरात. मला वाटायचं, प्रत्यक्षात काही तरी असेल.” ती हसू लागली, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला, आणि मी दुसरीकडे पाहिले.

मग मी तिथे, बांधावर उभा राहून, तिला सांगितले. अर्जाला लागते तशी प्रस्तावना केली नाही. डॉक्टरचे कारण खोटे होते. माझा गुडघा दुखत होता, मला चिखलाची भीती वाटत होती, आणि ते सांगण्याची लाज वाटत होती, म्हणून मी त्याला कागदासाठी पळवले. त्याने कागद आणला तर त्रुटी काढल्या. तुम्ही तेराव्याला जे बोललात ते मी ऐकून घेतले, तोही माझा खोटेपणाच होता.

ती वळली नाही. चपला एकमेकींवर आपटून तिने चिखल झाडला.

“ते परत गेले होते डॉक्टरांकडे,” ती म्हणाली. “दुसऱ्या कागदासाठी. मी होते बरोबर. दीड तास बसलो. डॉक्टर हसायला लागले, म्हणाले, ‘खंडेराव, चिखलात चालण्याचा दाखला मी जन्मात दिला नाही.’ पण दिला लिहून. सगळं होतं त्यावर. चिखलात चालण्यास हरकत नाही, सांभाळून, सोबत माणूस असावा. तारीख. शिक्का. आठ दिवस तो कागद यांच्या खिशात होता.”

मी बांधावर खाली बसलो. शेवटी मी विचारले, “मग आणून का नाही दिला मला?”

“मीही विचारलं. म्हटलं, जा की, दाखवून या अण्णांना. तर म्हणाले, ‘हा दाखवला तर यशवंताला नाही म्हणायला काही उरणार नाही. तो येईल. आणि त्याचा पाय बघितलास का तू? फाटकातनं टेबलापर्यंत येताना खुर्च्यांना धरून येतो.’ ” ती थांबली. “म्हणाले, ‘आपण एक वर्ष सोडू. पुढच्या थंडीत त्याचा गुडघा बरा असेल.’ ”

खंडेराव, तू मला ओळखून होतास. नकाराचे जे कारण मी तुझ्यापासून लपवले ते तू माझ्या चालण्यावरून वाचले होतेस, आणि माझी अब्रू राखण्यासाठी तू माझे खोटे कारणही चालवून घेतलेस. माझ्या खोट्या त्रुटी दूर करण्यासाठी आजारी शरीराने दीड तास बसलास. आणि सगळ्या दूर झाल्यावर कागद दाखल केला नाहीस. असा अर्जदार मी पाहिलेला नाही. यावर काय लिहितात हे मला ठाऊक नाही. ‘आभारी आहे’ लिहितो. अर्जाच्या शेवटी हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले आहेत की त्यांत काही जीव उरला आहे किंवा नाही याची खात्री नाही, तरी लिहितो. आणि रागही आहे तुझा. पुढची थंडी तू कोणाच्या भरवशावर धरलीस? एकदा तरी टेबलावर हात आपटून म्हणायचे होतेस, यशवंता, ऊठ, नाटक पुरे. मी उठलो असतो. बांधावर बसलो असतो. आता आपल्या दोघांनाही ते मिळाले नाही, आणि दोष वाटायला समोर तूही नाहीस.

“वहिनी,” मी म्हणालो, “मला क्षमा करा.”

“तुम्ही दोघांनी आपापसात ठरवलंत,” ती म्हणाली. “मला कोणी विचारलं? मी आले असते बरोबर. सोबत माणूस असावा, एवढंच तर लिहिलं होतं.”

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. ती बांधाकडे परत आली, मी हात दिला, ती वर चढली, आणि माझ्या शेजारी, चिखलाचे पाय लांब करून बसली. ढग स्वल्प विरळ झाले होते. कुठेतरी मागे सूर्य केव्हाच वर आला असावा. मोठा, सगळीकडे सारखा, रंग नसलेला उजेड पडला. भरतीचे पाणी लहान लहान वाटांमधून आत येऊ लागले होते. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन बांधाकडे निघाल्या होत्या. परतीची बस दहाची होती. मी घड्याळ पाहिले.

“निघू या?” मी विचारले.

“थांबा,” ती म्हणाली.

माझा पाय अवघडला होता आणि मी तो सरळ करून, दोन्ही हातांनी चेपत बसलो. तुझ्या मते या वेळेला पाहण्याजोगे काहीही नसते. पाणी समोरच्या पहिल्या वाटेत भरले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि रुक्माक्का प्रत्येक वाटेकडे ती पूर्ण भरेपर्यंत पाहत राहिली.